आई-बाबांना न्यूयॉर्कला पाठवताय? थेट विमान की मधला थांबा

मुंबईच्या सहार विमानतळावरून न्यूयॉर्कचं सरळ हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर. लंडनमार्गे दोन्ही टप्पे मिळून 12,700च्या आसपास भरतात, अबुधाबीमार्गे 13,000. म्हणजे वाट फारशी लांबत नाही. वेळ खातो तो मधला थांबा.

थेट विमानाला जाताना 16 तासांच्या आसपास लागतात. येताना तास-दीड तास वाचतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे जोराचे वारे पाठीशी असतात. अबुधाबीमार्गे आधी तीन तास, मग 14, शिवाय थांबा. लंडनमार्गे साडेनऊ आणि आठ. तीन-साडेतीन तासांचा थांबा धरला तर दोन्हीकडून 20-21 तास होतातच.

माझ्या आईला पहिल्या वेळी मी थांब्याचं तिकीट काढलं होतं, स्वस्त पडत होतं म्हणून. थांबा दीड तासाचा. पहिलं विमान उशिरा पोचलं, त्यात गेट बदललं. गुडघे दुखत असताना ती पासपोर्टची पिशवी छातीशी धरून, दिसेल त्या माणसाला बोर्डिंग पास दाखवत चालत राहिली. विमान मिळालं, पण पोचल्यावर फोनवर तिच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हापासून कोणी विचारलं की मी सांगते: पहिल्यांदा जाणाऱ्या वयस्कर माणसांना थेटच पाठवा. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील.

अबुधाबीची एक गोष्ट मात्र खरंच कामाची आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकतं, 2014पासून ही सोय आहे. न्यूयॉर्कला उतरल्यावर माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा सरळ बाहेर येतो. ज्यांचे पाय एका जागी बसून सुजतात, त्यांना मध्ये चालायलाही मिळतं. फक्त थांबा तीन तासांहून कमी नको, त्या तपासणीला वेळ जातो. सोबतीला कोणी जाणतं असेल तर हा मार्ग मी आनंदाने सुचवेन. लंडनला टर्मिनल बदलावं लागलं तर बस आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. तिथे काही काम असेल तरच तो मार्ग घ्या.

कुठलाही थांबा असो, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढली तर मध्ये सामान घ्यायला त्या देशात शिरावं लागू शकतं, आणि मग व्हिसाचा प्रश्न येतो. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा.

तिकिटावरच्या वेळा आई-बाबांना नीट समजावून सांगा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. जूनमध्ये रात्री 2 वाजता निघालेलं विमान 16 तासांनी तिथे त्याच दिवशी सकाळी साडेआठला उतरतं. कागदावर ते साडेसहाच तास दिसतात, आणि बाबा मग गोळ्याही तेवढ्याच बरोबर घेतात. हातातल्या पिशवीत दोन दिवसांच्या गोळ्या ठेवा.