एएफमध्ये रक्त पातळ करणारी गोळी: जुनी की नवी?

नाडी कधी भरभर, कधी अडखळत. ईसीजीच्या पट्टीवर दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं. असं असलं की डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे 'एएफ' असं निदान लिहितात. घरच्यांचं सगळं लक्ष मग धडधडीकडे जातं. खरा धोका मात्र धडधडीत कमी आणि गुठळीत जास्त आहे. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, त्यातल्या डाव्या कप्प्याला असलेल्या पिशवीत रक्त साचतं, गोठतं आणि तो गोळा मेंदूत जाऊन अडकतो. एएफमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. म्हणून वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात वगैरे बघून बहुतेक ज्येष्ठ रुग्णांना रक्त पातळ करणारी गोळी सांगितली जाते. प्रश्न उरतो तो कोणती घ्यायची हा.

'ॲस्पिरिन चालू आहे की' असं म्हणून हा प्रश्न टाळू नका. एएफमधली गुठळी रोखायला ॲस्पिरिन फार तोकडी पडते, आणि तिनेही रक्तस्राव होतोच.

जुनी गोळी म्हणजे वॉर्फरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारी ॲसेनोकुमरॉल. नव्या म्हणजे एपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन. यातली निवड करण्याआधी टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घ्या. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप आकसलेली असेल, किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर निवडीला फारसा वाव नाही. जुनीच गोळी घ्यायची. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रॅन देऊन पाहिलेला अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला. संधिवाताच्या झडपेच्या रुग्णांमध्ये भारतासह 24 देशांत झालेला, सुमारे साडेचार हजार रुग्णांचा इन्व्हिक्टस अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. नवी गोळी सोयीची, तेव्हा तीच सरस ठरेल असं अनेकांना वाटत होतं. निकाल उलटा लागला: रिव्हरोक्साबॅन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. आपल्याकडे झडपेचा हा आजार अजून सर्रास दिसतो, त्यातही तरुण बायकांमध्ये, म्हणून हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. अशा बाईला मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. जुन्या गोळ्यांनी गर्भाला इजा होऊ शकते आणि नव्याही गरोदरपणात चालत नाहीत.

झडपा ठीक असतील तर माझं मत स्वच्छ आहे: नवी घ्या. 2011 च्या ॲरिस्टॉटल अभ्यासात 18 हजारांहून जास्त रुग्ण होते. त्यात वॉर्फरिनच्या तुलनेत एपिक्साबॅनने पक्षाघात साधारण 21 टक्क्यांनी आणि मोठे रक्तस्राव 31 टक्क्यांनी कमी झाले. मेंदूतला रक्तस्राव तर निम्म्याहून कमी. आईवडिलांसाठी ठरवताना मी सगळ्यात आधी हाच आकडा बघेन.

जुन्या गोळीबरोबर आयुष्य कसं जातं हे तिच्या वहीवरून कळतं. तारीख, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा), डोस असे तीन रकाने. आयएनआर 2 ते 3 मध्ये ठेवायचा, 1.6 आला की 'सोम-बुध-शुक्र अख्खी, बाकी दिवस अर्धी', 3.8 आला की पुन्हा बदल. अर्धी करताना गोळीचा चुरा होतो तो वेगळाच. श्रावणात जेवण बदललं, आठवडाभर मेथी-पालक जास्त झाला किंवा एकदम बंद झाला, जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल घेतली, की आकडा हलतो. पालेभाजी सोडायची नसते, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. हे सगळं सांभाळणारं माणूस घरात असेल आणि जवळ भरवशाची लॅब असेल, तर जुनी गोळीही चांगलं काम करते. गोळी स्वस्त पडते खरी, पण तालुक्याला जाणं, तपासणीचे पैसे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी धरून हिशेब मांडा. पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या नव्या गोळ्यांच्या किमती बऱ्याच उतरल्या आहेत.

नव्या गोळीला आयएनआर लागत नाही, पण ती चुकवून चालत नाही. एका दिवसात तिचा असर बराचसा उतरतो. एपिक्साबॅन आणि डॅबिगॅट्रॅन दिवसातून दोनदा, रिव्हरोक्साबॅन एकदाच, पण ती भरल्या पोटी. उपवासाच्या दिवशी याचा विचार आधी करा. डॅबिगॅट्रॅन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडते, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेल्यांना ती नको. तिने पोटात जळजळही होते. एपिक्साबॅनचा मूत्रपिंडावरचा भार कमी, म्हणून वयस्करांसाठी माझी पहिली पसंती तिलाच. क्रिएटिनिनची तपासणी मात्र वर्षातून एकदा तरी हवीच.

एपिक्साबॅनच्या डोसबाबत एक चूक वारंवार दिसते. नेहमीचा डोस 5 मिलिग्रॅम दोनदा. तो 2.5 करायचा तो तीनपैकी दोन गोष्टी असतील तरच: वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त. आपल्याकडच्या बहुतेक आज्या पन्नास-पंचावन्न किलोच्या, तेवढ्यावरून डोस अर्धा केला जातो. वय 72, क्रिएटिनिन ठीक आणि फक्त वजन कमी, एवढ्याने डोस कमी होत नाही. चिठ्ठीवर 2.5 दिसलं तर कारण विचारा.

क्षयाची रिफॅम्पिसिन चालू असेल तर नव्या गोळ्यांचा असर घटतो, जुनीचाही घटतो. पण जुनीचा निदान आयएनआरवर कळतो आणि डोस वाढवता येतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक दोन्हींबरोबर धोक्याची.

जुनीवरून नवीवर जायचं ठरलं तर दुसऱ्या दिवशी लगेच नवी सुरू करायची नसते. जुनी थांबवून आयएनआर तपासतात. एपिक्साबॅन किंवा डॅबिगॅट्रॅनसाठी तो 2 च्या खाली यावा लागतो. सुरू करायची तारीख डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि जुन्या गोळ्यांची उरलेली पाकिटं त्याच दिवशी डब्यातून काढून टाका. दोन्ही एकदम पोटात गेल्या तर रक्तस्रावाची भीती असते.