पिशवी काढावी की हार्मोनची कॉइल बसवावी?

चाळिशीच्या आसपास पाळीत अतिरक्तस्राव होऊ लागला, दर तासाला पॅड बदलावे लागले आणि हिमोग्लोबिन 8 वर आले, की ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला घरातूनही मिळतो. मात्र सोनोग्राफीत मोठ्या गाठी नसतील आणि तपासणीत कर्करोगाची शंका दूर झाली असेल, तर त्याआधी लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन असलेल्या, गर्भाशयात बसवायच्या कॉइलचा विचार व्हायला हवा. टी आकाराची ही कॉइल काही मिनिटांत बसते, गर्भाशयाचे अस्तर पातळ ठेवते व किमान 5 वर्षे काम करते. परंतु पहिले 3 ते 6 महिने अधूनमधून डाग पडत राहतात, आणि नेमक्या याच काळात कंटाळून काहीजणी ती काढून घेतात. क्वचित ती आपोआप बाहेरही पडते.

शस्त्रक्रियेने पाळी कायमची थांबते, आणि कर्करोग किंवा फार मोठ्या गाठी असतील तर तीच योग्य ठरू शकते. एरवी भूल, टाके व सुमारे 6 आठवडे जड न उचलण्याचे पथ्य (पाण्याची कळशीसुद्धा नाही) हिशेबात धरावेच लागते. सोबत दोन्ही अंडाशये काढली, तर रजोनिवृत्ती एकाएकी येते आणि हाडांची झीज वेगाने होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, तेव्हा पाळीमुळे कामाचा खाडा परवडत नाही हेही त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले होते. ते कारण वैद्यकीय नव्हे.