सिस्लेचा पूर आणि प्रिंटवाल्याचा ब्राइटनेस: कॅनव्हास प्रिंटचा रिव्ह्यू

हॉलमधल्या मोठ्या भिंतीसाठी कॅनव्हास प्रिंट करून घेतलं, फ्रान्समधला चित्रकार आल्फ्रेड सिस्ले, त्याचं 'पोर्ट-मार्लीचा पूर', 1876 चं. दुकान इंदूरमधलंच, नाव लिहीत नाही कारण थोडी कटकट झाली आणि खरं सांगायचं तर बरेच प्रिंटवाले हेच करतात. पाचात साडेतीन स्टार, तेसुद्धा दुसऱ्यांदा काढलेल्या प्रिंटला. पहिलं मी घेतलंच नाही.

त्याच्याच काळातला चित्रकार मोने काय सगळीकडेच असतो, कमळं कमळं आणि कमळं, मोबाईलच्या कव्हरवर पण. सिस्ले कुणी मागत नाही. हा 1839 मधे पॅरिसला जन्मलेला, आईवडील इंग्रज, आयुष्यभर जवळपास फक्त लँडस्केपच केले आणि म्हणायचा की मी चित्र आकाशापासून सुरू करतो. आता हा पूर बघा ना, पॅरिसजवळच्या पोर्ट-मार्ली गावात सीन नदी शिरलीये, डावीकडे वाईनवाल्याचं पिवळसर दुकान पाण्यात उभंय, होडी आहे, आणि तरी कुठे आरडाओरडा नाही, हाहाकार म्हणून काही रंगवलाच नाहीये माणसाने. आहे तो नुसता ढगाळ उजेड, एका बाजूने न येता सगळीकडून झिरपणारा, म्हणून कडक सावली कुठेच नाही, आणि तोच उजेड खाली पाण्यात आडव्या तुटक फटकाऱ्यांनी परत दिसतो. त्या पाण्यात निळा असा एकटा नाहीच, राखाडी, मातकट, मधेच भिंतीचा पिवळा, सगळे शेजारी शेजारी ठेवून दिलेत, मिसळायचं काम आपल्या डोळ्यांचं.

आणि नेमका इथेच घोळ घातला. पहिल्या प्रिंटमधे आकाश फिरोजी आणि भिंत हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखी. विचारलं तर म्हणे, "भिया, ओरिजनल डल था, थोड़ा ब्राइट कर दिया." अरे बाबा, त्या डलपणाचेच तर पैसे देतोय मी! सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवलं की सगळ्यात आधी राखाडी रंग मरतात आणि या चित्रात राखाडी गेला की उरतो तो शाळेच्या कॅलेंडरवरचा पूर.

दुसरं म्हणजे साईज. मूळ चित्र 81 बाय 60 सेंटीमीटर, म्हणजे त्याच प्रमाणात लहान केलं की 24 बाय 18 इंचात जवळजवळ अख्खं बसतं. पण तयार फ्रेम 24 बाय 16 ची पडलेली असते म्हणून हे लोक वरून सरळ आकाश उडवतात, विचारत पण नाहीत. सिस्लेचं आकाश कापायचं म्हणजे मग घ्यायचं कशाला! तुम्ही करणार असाल तर आधी हातभर टेस्ट पट्टी काढून मागा, मॅट कॅनव्हास सांगा, शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली, आहे का विचारा (डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, लवकर उडते), आणि फाईल निदान 3600 बाय 2700 पिक्सेलची न्या. काच लावू नका, समोरची खिडकी चित्रात दिसायला लागते.

दुसरं प्रिंट चांगलं आलंय. ढगांच्या कडेचा फिका पिवळट पांढरा टिकलाय, मला सगळ्यात भीती त्याचीच होती. जवळ गेलं की मात्र कळतं की फटकारे सपाट आहेत, खऱ्या ऑइलला जो थर असतो आणि बाजूने उजेड पडला की चमकतो तो प्रिंटमधे येणार नाही, त्याचे मार्क कापत नाही.

काकू आली आणि पहिलं वाक्य, "घरात पूर कशाला लावलास रे, अपशकुन." मग म्हणे आपल्याकडचं काही का नाही. मनात होतंच, देवळालीकर सरांनी इंदूरला 1927 मधे चित्रकलेची शाळा काढली, चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथले, एम. एफ. हुसेनसुद्धा तिथे शिकले, आणि बेंद्रेंचे लँडस्केप कुणाला नको असतील. पण बेंद्रे 1992 मधे गेले, आपल्या कायद्याने चित्रकार गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे 2052 पर्यंत असं दुकानातून छापून आणता येत नाही. सिस्ले 1899 मधेच गेला, म्हणून त्याचं छापता येतं. पैशाची कायम ओढाताण, आणि हेच पुराचं चित्र 1900 मधे 43 हजार फ्रँकला विकलं गेलं!

बल्बचं पण सांगतो. आमच्या हॉलमधे पिवळा वॉर्म व्हाईट होता, त्यात संध्याकाळी सगळं पाणी चहाच्या रंगाचं दिसायचं. महारानी रोडवरून 4000 केल्विनचा (म्हणजे पिवळा नाही, पांढऱ्याकडे झुकणारा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचा बल्ब आणला, खोक्यावर लिहिलेलं असतं, मग राखाडी परत राखाडी झाला. दिवसा उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात तर बघायलाच नको, पण थेट ऊन येतं त्या भिंतीवर अजिबात टांगू नका.

फ्रेमसकट 2,600 पडले. बबल रॅप मागून घ्यावा लागला आणि मागच्या पिना एका कोपऱ्यात वर आल्या होत्या त्या घरीच ठोकल्या. एक स्टार ब्राइटनेसचा कापला, अर्धा या पिनांचा.