कड्यावरचं फूल बघायला दुर्बीण ८×४२ की १०×४२?

मी साताऱ्याला जीवशास्त्र शिकवायची. या एप्रिलमध्ये लेकीकडे लास वेगासला गेले, ते ‘रॉक लेडी’ बघायचीच असं ठरवून. स्नॅपड्रॅगनच्या नात्यातली ही फिकट पिवळ्या फुलांची वनस्पती कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या ग्रेपवाइन डोंगरात चुनखडीच्या उभ्या कड्यांवर वाढते, जगात इतर कुठेच नाही. १९३५ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. तिच्या प्रजातीत (genus) दुसरी जातच (species) नाही.

कड्यावर चढून तिच्यापर्यंत जाऊ नये. फटीतली मुळं एकदा सुटली की ते झाड गेलंच. म्हणून दुर्बीण घेतली, ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली. लेकीकडे १०×४२ होती. त्याच डोंगरातल्या टायटस कॅन्यन या घळीच्या खालच्या तोंडाने आम्ही चालत आत शिरलो आणि दोन्ही आलटून पालटून वापरल्या.

दहा पटीत फूल मोठं दिसतं हे खरं. पण मान वर करून, हात अधांतरी धरून पाहताना चित्र इतकं थरथरतं की पाकळी कुठली आणि पान कुठलं, कळेना. आठ पटीत ते स्थिर राहिलं. पानांच्या कडेचे काटेरी दातसुद्धा मोजता आले! शिवाय आठमध्ये एका वेळी कड्याचा जास्त भाग दिसतो. राखाडी दगडावर मूठभर हिरवळ शोधायची तर हेच महत्त्वाचं. लेकीला सापडायच्या आधी मला तीन झुबके सापडले होते.

मला चष्मा आहे. भिंगातून डोळ्याशी येणारं प्रकाशाचं वर्तुळ ८×४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटरचं, १०×४२ मध्ये ४.२ चं. त्यामुळे आठमध्ये डोळा जरा हलला तरी चित्र काळं होत नाही. डोळ्याशी असलेल्या रबरी वाट्या मात्र चष्मेवाल्यांनी पूर्ण खाली फिरवून ठेवाव्यात, दुकानात हे कुणी सांगत नाही.

सोबतचा पट्टा अरुंद आहे, तासाभरात मानेला रुततो. मी रुंद पट्टा वेगळा घेतला. भिंगावर धूळ बसली तर ओढणीने पुसू नका, चुनखडीचे कण ओरखडे पाडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ फडकं.

सह्याद्रीत कड्यावरची कंदीलपुष्पं बघायलाही मी आता हीच नेणार आहे.