हिमपरीक्षणाचा संच: करवत आधी, भिंग नंतर

हिमस्खलनाचा धोका ओळखायला म्हणून जो तयार संच मिळतो, त्यात बहुधा पाच वस्तू असतात: उताराचा कोनमापक, बर्फ कापायची करवत, गाठींची दोरी, भिंगासह काळी पट्टी (तिच्यावर बर्फाचे कण ठेवून पाहतात) आणि थर्मामीटर. पाचही उपयोगी आहेत, पण सारख्या मोलाच्या नाहीत. आणि बर्फाचा स्तंभ कापून करायच्या चाचणीला जे फावडे व दोन प्रोब (बर्फात खुपसायच्या लांब सळया) लागतात, ते या संचात नसतात. ते जवळ नसतील तर निम्मा संच निकामी.

सर्वांत साधा कोनमापक सर्वांत जास्त कामाला येतो. बर्फाचा थरच्या थर सुटून येणारी बहुतेक स्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. 28 आणि 34 अंशांतला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मोजताना कोनमापक थेट बर्फावर टेकवू नका, छोट्या उंचवट्यांमुळे आकडा फसवा येतो. काठी उताराच्या रेषेत, वरून खाली अशी, बर्फावर ठेवा आणि तिच्यावर मोजा. संशयास्पद उतार मोजायला त्याच्यावर जाणे हा तर शुद्ध वेडेपणा. लांबून कडेने नेम धरून मोजता येते. फोनमध्येही ही सोय असते, पण थंडीत बॅटरी मान टाकते आणि फोनच्या कव्हराचा उंचवटा दोनेक अंशांची चूक सहज घुसडतो.

संचाची खरी किंमत करवत आणि दोरीत आहे. विस्तारित स्तंभ चाचणीत उताराला आडवा 90 सेंटीमीटर रुंद आणि वरच्या दिशेने 30 सेंटीमीटर खोल असा बर्फाचा स्तंभ चारही बाजूंनी मोकळा करतात. त्यामुळे 30 पेक्षा आखूड पात्याची करवत घेऊच नका. 35 असले तर हात मोकळा चालतो. दात मोठे हवेत, बारीक दातांत बर्फ अडकून बसतो. मागची बाजू दोरीने कापायची: मागच्या दोन कोपऱ्यांत प्रोब उभे रोवायचे, त्यांच्यामागून दोरी घ्यायची आणि आलटून पालटून ओढायची. बिनगाठीची दोरी कडक पापुद्र्यावरून नुसती घसरते, म्हणून गाठी महत्त्वाच्या.

मग फावड्याचे पाते स्तंभाच्या एका टोकावर ठेवून थापा मारायच्या: मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10. तडा गेला आणि त्याच किंवा पुढच्याच थापेला तो संपूर्ण 90 सेंटीमीटर पार गेला, तर त्या उतारावर आणि तशाच इतर उतारांवर पाऊल टाकू नये. तडा फावड्याखालीच थांबला तर तो थर निदान त्या जागी तडा पसरवत नाही. इथे चुका ठरलेल्या. मागचा काप अर्धवट राहतो आणि स्तंभ खोटा मजबूत भासतो. थाप मारण्याऐवजी हात दाबला जातो. कमकुवत थर साधारण मीटरभरापेक्षा खोल असेल तर थापांचा जोर तिथवर नीट पोचतच नाही, आणि निकाल चांगला दिसतो!

थर किती कडक हे पाहायला तर उपकरणच नको. चाचणीसाठी खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीत मूठ, चार बोटे, एक बोट, पेन्सिल, सुरी या क्रमाने काय सहज घुसते ते पाहा. वर एकच बोट घुसेल असा कडक थर आणि त्याखाली मूठ जाईल असा भुसभुशीत, ही जोडी वाईट.

भिंग शिकलेल्यांसाठी. साखरेसारखे कोनेदार, चमकणारे, एकमेकांना न चिकटणारे कण दिसले तर तो थर कमकुवत. पट्टी आधी बर्फात गार करा आणि श्वास बाजूला सोडा, नाहीतर कण पाहण्याआधीच वितळतात. थर्मामीटरही तसाच: 10 सेंटीमीटरमध्ये 1 अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक असेल तर असे कण तयार व्हायला वाव मिळतो, पण हा आकडा एकटा निर्णय देत नाही. बर्फाच्या पाणथळ काल्यात बुडवून तो शून्य दाखवतो का, हे आधी तपासा.

मुख्य तक्रार वस्तूंबद्दल नाही, सोबतच्या माहितीपत्रकांबद्दल आहे. चाचणी चांगली आली की उतार सुरक्षित, असा समज त्यांतून होतो. वाऱ्याने बर्फ कमी-जास्त साचवलेला असतो, वीस पावलांवर थर बदलतो. जवळच नुकते झालेले स्खलन, पायाखाली धप्प आवाज करून बसणारा बर्फ, पावलापासून पुढे धावणारे तडे, मोठी हिमवृष्टी, वाऱ्याने आडोशाला साचवलेला बर्फ, अचानक वाढलेली ऊब: यांतले काहीही दिसले तर खड्डा खणण्यात वेळ घालवू नका, मागे फिरा. चांगल्या निकालाने ही लक्षणे खोडून निघत नाहीत.

घेताना पिशवी पाहा. करवतीला म्यान हवे. आणि पिशवीचे झाकण चुंबकाने बंद होणारे असेल तर ती छातीवरच्या शोधयंत्राजवळ (गाडले गेलेल्याला शोधायला रेडिओ-संकेत देणारे-घेणारे यंत्र) ठेवू नका: यंत्र संकेत देत असताना किमान 20 आणि शोधताना 50 सेंटीमीटर अंतर लागते. साधी चेन असलेली पिशवी बरी.