रेसिडेन्सी अर्जासाठीची सल्लासेवा: सराव उत्तम, यादी निष्काळजी

गेल्या हंगामात अमेरिकेत जनरल सर्जरीच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज करताना मी एका सल्लागार संस्थेचे ८५ हजार रुपयांचे पॅकेज घेतले होते. अर्ज करण्याजोग्या प्रशिक्षण कार्यक्रमांची यादी, अर्जाचा मजकूर तपासणे आणि मुलाखतीचा सराव अशी तीन कामे त्यात होती. ती तिन्ही एकाच संस्थेने केली यावर विश्वास बसू नये, इतका त्यांच्या दर्जात फरक निघाला.

सर्वांत वाईट होती ती यादी. जानेवारी २०२२ पासून स्टेप वनचा, म्हणजे अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा, निकाल केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे स्टेप टूचे गुण आणि सिग्नल (एखाद्या कार्यक्रमात आपल्याला विशेष रस आहे, हे त्यांना कळवणारी खूण) यांचे वजन वाढले आहे. सिग्नल मोजकेच मिळतात आणि अर्ज रवाना झाल्यावर ते बदलता येत नाहीत. तरीही संस्थेने माझे निम्मे सिग्नल अशा नामांकित विद्यापीठांवर खर्च करायला लावले, जिथल्या रेसिडेंटांमध्ये परदेशात शिकलेला एकही डॉक्टर नव्हता. यादीतील ९० कार्यक्रमांपैकी ११ ठिकाणी कोणताच व्हिसा मिळत नाही. काही ठिकाणी एच-वन-बी हा कामाचा व्हिसा मिळतो खरा, पण त्यासाठी आधी स्टेप थ्री उत्तीर्ण व्हावे लागते आणि ती परीक्षा मी दिलेलीच नव्हती. हे सारे मी दोन रात्री जागून एकेका कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर स्वतः शोधले. शिवाय पूर्ण प्रशिक्षणाच्या, पाच वर्षांच्या कॅटेगॉरिकल आणि एकाच वर्षाच्या प्रिलिमिनरी जागा यादीत सरमिसळ झालेल्या होत्या, आणि प्रिलिमिनरीनंतर पुन्हा जागेच्या शोधात निघावे लागते, हे कोणी एका शब्दाने सांगितले नाही.

मजकुराची तपासणी व्याकरणापुरती ठीक होती. अनुभवाच्या एका नोंदीला ७५० अक्षरे मिळतात, मोकळ्या जागा धरून. त्यात मी कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात, भातकापणीच्या दिवसांत, फुरसे चावलेल्या एका बाईंच्या पायाचे ड्रेसिंग सलग तीन आठवडे कसे केले, हे लिहिले होते. संपादकांनी बाई, फुरसे आणि भात तिन्ही गाळून ‘वंचितांच्या सेवेची तळमळ’ आणून ठेवली. मी मूळ मजकूरच पाठवला, आणि दोन मुलाखतींत त्याच नोंदीवर प्रश्न आले.

मुलाखतीच्या सरावाला मात्र पूर्ण गुण द्यावे लागतील. तिकडे सर्जरी करत असलेल्या एका मराठी डॉक्टरताईंनी रात्री अकरा वाजता, स्वतःची ड्यूटी सुरू होण्याआधी, तीन वेळा सराव घेतला. पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या खंडाविषयी मी लांबण लावताच त्यांनी मध्येच थांबवले आणि म्हणाल्या, “कारण एका वाक्यात सांग, आणि त्या काळात काय शिकलीस ते दोन वाक्यांत. सफाई देत बसू नकोस.”

यादीचे पैसे परत मागितल्यावर संस्थेने पुढच्या हंगामाच्या पॅकेजवर सवलत देऊ केली. मी ती नाकारली. केवळ सरावाचे तास सुटे मिळतील का, एवढेच विचारले आहे.