सुई धरायचं बोट आणि दादरच्या हँड सर्जन मॅडम

लालबागला माझं ब्लाउज शिवायचं काम आहे, एकवीस वर्षं झाली. गौरी-गणपतीच्या ऐन घाईत विळीवर लाल भोपळा चिरताना हात निसटला आणि उजव्या तर्जनीला आतल्या बाजूने, बुडाच्या पेरावर आडवा काप गेला. जवळच्या एका दवाखान्यात तीन टाके घातले, "आठ दिवसांनी या" म्हणाले. बोट वाकवून दाखवा, असं कोणी म्हटलंच नाही. चौथ्या दिवशी कप उचलताना लक्षात आलं, बाकीची बोटं वळतात, हे एकटंच ताठ.

दादर पूर्वेचं हे हँड क्लिनिक गिऱ्हाइकातल्या एका नर्सताईंनी सुचवलं. मॅडमनी पट्टी सोडायच्या आधीच ओळखलं. हात उताणा करून टेबलावर सैल ठेवायला लावला. सैल हाताची बोटं आपसूक आत वळलेली असतात, करंगळीकडे जास्त. माझी तर्जनी त्या रांगेत नव्हतीच, सरळ पडून होती. बोट वाकवणारे दोन्ही टेंडन, म्हणजे स्नायूंचे दोर, तुटले होते, एका बाजूची स्पर्श कळवणारी नसही. परकराची नाडी तुटली की टोक नेफ्यात आत जातं ना, तसं टेंडनचं टोक तळव्याकडे सरकतं, म्हणून उशीर नको, असं त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं.

टेंडन ज्यातून सरकतं तो बोटातला नेफा इथे फारच अरुंद. टाका जाड झाला तर टेंडन अडकतं, सैल राहिला तर उसवतं. या जागेला पूर्वीचे सर्जन 'नो मॅन्स लँड' म्हणायचे आणि तिथे लगेच टाका घालायचं टाळायचे. 1960च्या दशकात अमेरिकेत लुईव्हिलच्या क्लाइनर्ट यांनी हे जमतं असं दाखवून दिलं.

मी त्यांना सरळ विचारलं, तुम्ही हे शिकलात कुठे? न रागावता सांगितलं. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एमएस ऑर्थो तीन वर्षं, मग कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलात हाताची फेलोशिप. प्लॅस्टिक सर्जरीकडूनही काहीजण या कामात येतात. मायक्रोस्कोपखालचा टाका आधी हातमोज्याच्या रबरावर, मग कोंबडीच्या तंगडीतल्या मिलिमीटरभर रक्तवाहिनीवर. आमच्याकडे नवी मुलगी आली की वर्तमानपत्रावर बिनदोऱ्याची शिलाई मारायला लावते मी. माझा जीव तिथेच भांड्यात पडला.

ऑपरेशन पूर्ण भूल न देता झालं, फक्त बोटात आणि तळव्यात इंजेक्शन. टाके झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "ताई, आता वाकवा." मी मान वळवून बघितलं. पांढरंशुभ्र टेंडन आत सरकलं आणि बोट वळलं. कुठे अडकत नाही ना, हे बघूनच त्यांनी कातडी शिवली. नस जोडायचा दोरा केसाहून बारीक होता.

खरी परीक्षा पुढेच. सहा आठवडे स्प्लिंट, म्हणजे हाताला आधाराचा साचा, पण व्यायाम चौथ्या दिवसापासून. थेरपिस्टताई कडक आहेत. मी एकदा घरी स्प्लिंट काढून काजं करायला बसले, ते त्यांनी बोटाच्या सुजेवरून ओळखलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. बरोबरच होतं त्यांचं. शेजारच्या टेबलावर एका मुलाच्या बोटाला तारा-सळ्यांची चौकट लावलेली होती. ती जेस पद्धत आपल्या मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी काढली, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

तक्रार एकच, वेळ घेऊनही दीड-दोन तास बसावं लागतं. बिल मात्र आधी लिहून दिलं होतं तेवढंच आलं.

आता पाचवा महिना चालू आहे. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते म्हणतात. टोकाला अजून मुंग्या येतात, पण सुईचं नेढं बोटाला कळायला लागलंय. बोटाला आतून खोल कापलं आणि टोकाचं पेर वाकत नसेल, तर नुसत्या कातडीच्या टाक्यांवर थांबू नका, त्याच आठवड्यात हँड सर्जनला दाखवा. मंगळवारी सकाळी गर्दी कमी असते.